चार अंश

मरेन ऑगस्टमध्येच वाल्पराइसोला गेली.
जाताना तिचा निवडुंग माझ्या खिडकीत ठेवला,
म्हणाली, महिन्यातून एकदा पाणी, बस.
मी दर आठवड्याला घातलं.
नोव्हेंबरात तो बुडून मेला.
तिला अजून सांगितलेलं नाही.

डलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
मी तेव्हा मेसच्या मागच्या खोलीत,
रबरी एप्रन, वाफ, पट्ट्यावरून सरकत येणारे ट्रे.
कुणी पिझ्झाच्या कडा टाकलेल्या, कुणी अख्खं सफरचंद,
एका कागदी रुमालावर कॅल्क्युलसचं अर्धं गणित.
तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं.
मी पेन काढून ते सुधारलं
आणि रुमाल कचऱ्यात टाकला.

तिचे फोटो यायचे:
चढावरची रंगीबेरंगी घरं, जिन्यात उन्हाला पसरलेली कुत्री,
ज्यांच्याकडे राहायची त्या ओर्फिलियाबाई
आणि त्यांनी मक्याच्या पानात बांधून उकडलेलं काहीतरी.
"इथे लोक रात्री दहाला जेवतात!" तिनं लिहिलं.
मी लिहिलं, "इथे साडेसातला मेस बंद होते."
एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

फॉर्म मीही आणला होता.
सातव्या पानावर एक रकाना होता,
खर्चाची हमी कोण घेणार, नाव आणि सही.
जानेवारीत जहाजं थांबली
की खनिजाच्या धक्क्यावरून बाबांना घरी बसवतात,
मार्चपर्यंत ते गॅरेजमध्ये तीच तीच हत्यारं पुसतात.
मी त्यांना विचारलंच नाही.
फॉर्म रसायनशास्त्राच्या वहीत आहे,
घडीसुद्धा पडलेली नाही.

फेब्रुवारीत पहाटे तीनला आगीची घंटा झाली.
कुणीतरी नूडल्स जाळले होते.
उणे सव्वीसमध्ये अख्खं वसतिगृह रजया पांघरून बाहेर.
वरच्या मजल्यावरचा ट्यू शेजारी उभा होता,
त्याच्या कोटाच्या आत काहीतरी हललं.
"गिनीपिग," तो कुजबुजला, "कुणाला सांगू नकोस."
वर्षभरात मला कुणी सांगितलेलं
तेवढं एकच गुपित.

इंटर्नशिपचे सदतीस अर्ज केले.
एकतीस जणांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या,
पाच जणांनी त्याही नाहीत.
उरलेलं उत्तर गावातूनच आलं, सरोवर संशोधन केंद्राकडून:
तासाला पंधरा डॉलर, बूट आपापले.

तिथे डेल टुओमिनेन.
दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलायचा,
त्यातली चार कॉफीबद्दल.
बोट थांबवून आम्ही तारेला बांधलेला संवेदक खाली सोडायचो,
मी आकडे वाचायचे, तो लिहायचा.
वर अठरा अंश. मग अकरा. सात.
मग आकडे दमल्यासारखे सावकाश होत
चारवर येऊन बसायचे.
"हिवाळ्यात?"
"चारच. जवळपास."
थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला,
"चार अंशाला पाणी सगळ्यात जड. म्हणून तळाला राहतं."

माझ्यासारखं, असं ओठावर आलं होतं.
बोलले नाही. बरं झालं,
कारण त्यानं अर्ध्या तासानं,
मी दुसरंच काही विचारत असताना, सांगितलं:
वर्षातून दोनदा हे सगळं उलथतं.
वरचं खाली जातं, खालचं वर येतं.
काठावरून काही कळत नाही.

मरेन जुलैत आली.
मी स्थानकावर लॅबच्या बुटांतच गेले, मासळीचा वास घेऊन.
ती बसमधून उतरली ती जाड कोट घालून,
तिकडे कडाक्याची थंडी, काढायचं सुचलंच नव्हतं.
मिठी मारताना तिला घाम फुटला होता.
"तू बदललीस," ती म्हणाली.
मी म्हटलं, "वास आहे तो."

मग चालता चालता,
"माझा निवडुंग कसा आहे?"

रात्रीचे दहा वाजत आले होते.
बंदराजवळचं एकच हॉटेल उघडं दिसत होतं.
मी तिची बॅग उचलली, म्हटलं,
आधी जेवूया.